पहिलं बटण आजोबांचं

गेल्या रविवारी व्हिडिओवर बोलताना तुमच्यापैकी थोरल्याने सहज विचारलं, "आजी, आजोबांचा प्रोग्राम स्लो होता म्हणून बाबांनी नवीन लिहिला ना?" धाकटीने लगेच टेबलावरून गोगलगाय सरकावी तसा हात सरकवून दाखवला. तुम्ही दोघं हसलात. मीही हसले आणि "हो" म्हणाले.

ते "हो" बरोबर नव्हतं, आणि जी चूक त्यामागे आहे ती ना आजोबांची, ना तुमच्या बाबाची. ती माझी आहे. म्हणून हे लिहिते आहे. मी आयुष्यभर मुलांना इंग्रजी शिकवलं, तरी हे मराठीत लिहिते, कारण आजोबांची वाक्यं इंग्रजीत नेली की ती त्यांची राहत नाहीत. सावकाश वाचा.

आजोबा बियाण्याच्या कंपनीत होते हे तुम्हाला माहीत आहे. नवीन वाण आला की जुन्या वाणाशेजारी लावून तो खरंच चांगला आहे की नाही हे पाहायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर वर्षभर ते घरात नुसते फिरत. मग एका पावसाळ्यात त्यांनी एक जुना संगणक आणला, दोन जाड पुस्तकं आणली आणि पीएचपी ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकायला बसले. मी विचारलं, "या वयात हे कशाला?" ते म्हणाले, "तुमच्या प्रश्नपत्रिका कपाटात सडून राह्यल्या मॅडम. त्या पोरांपर्यंत न्यायच्या."

मला ते लग्नानंतर दहा-बारा वर्षांनी मॅडम म्हणू लागले. आधी चिडवायला, नंतर सवय म्हणून.

तर माझे इंग्रजी व्याकरणाचे प्रश्न त्यांनी एकेक करून टाइप केले, आणि असा प्रोग्राम लिहिला की गावातल्या मुलाने फोनवर पाठ निवडला की त्या पाठाचे प्रश्न एकामागून एक त्याच्यासमोर यावेत. उत्तर दिलं की बरोबर की चूक ते कळावं. बस, एवढंच. सर्व्हर म्हणजे तोच जुना संगणक, जुन्या जालन्यातल्या आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, खिडकीशेजारी. खाली धान्याची दुकानं. पोती उतरायला लागली की तूर-हरभऱ्याची धूळ वर येई आणि संगणकाच्या पंख्यात बसे. दर शनिवारी आजोबा तो उघडत आणि रंगाच्या ब्रशने धूळ झटकत.

पहिल्यांदा त्यांच्या गावच्या, पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेने तो वापरला. मग धावड्याच्या शाळेने. धावड्याच्या गुरुजींचा फोन आठवड्यातून एकदा तरी असे. "सर, पान उघडून न्हाई राह्यलं."

"किती पोरं बसलीत?"

"सगळा वर्ग बसलाय सर."

"मंग त्यांना म्हणा, चहा घेऊन या. चहा संपेस्तोवर होतंय."

"सर, सातवीतले आहेत. चहा कुठून पाजू?"

"मंग पाणी पाजा. पाण्याला कमी वेळ लागतो, मला जल्दी करावी लागंल."

आणि खरंच दहा मिनिटांत ते पान उघडे. पहाटे पाचला उठून ते आधी किती मुलं येऊन गेली ते बघत. शेतावर जाण्याआधी, शाळेआधी, मुलं घरातल्या मोठ्या माणसाचा फोन घेऊन प्रश्न सोडवत. "आज अकरा," ते मला स्वयंपाकघरात येऊन सांगत. कधी तीन, कधी तीस. आकडा काहीही असो, ते येऊन सांगत.

पाच वर्षं हे चाललं. मग तुमचा बाबा आला. तुम्ही तेव्हा लहान होतात, आईबरोबर तिकडे परदेशातच राहिला होतात. तो तीन आठवड्यांसाठी एकटाच आला होता. आल्या आल्या दोन दिवस झोपला आणि तिसऱ्या दिवशी आजोबांच्या खुर्चीत बसून त्यांचा प्रोग्राम वाचू लागला. आजोबा मागे उभे. पेपर तपासताना पोरगं शेजारी येऊन उभं राहतं तसे.

"अण्णा, आता कुणी असं लिहीत नाही."

"मी लिहून राह्यलो न."

"तसं नाही. एकदम शंभर मुलं आली तर हे बसेल."

"शंभर पोरं एकदम आली तर मी खाली दुकानांसमोर उतरून नाचीन. मंग बसू दे त्याला."

तुमचा बाबा हसला, पण ऐकेना. त्याने आठ-दहा दिवसांत तेच सगळं नोडमध्ये, म्हणजे नव्या पद्धतीने, लिहून काढलं. दिवसभर दोघं शेजारी बसून असत. बाबा विचारी, हे असं का केलंय? आजोबा सांगत. कॉलेजला गेल्यापासून हे दोघं एका कामाला एकत्र बसलेले मी पाहिले नव्हते. मी तेव्हा मुद्दाम खोलीत जात नसे. चहा दारातूनच देत असे.

नवं तयार झालं तेव्हा प्रश्न आला की ठेवायचं कुठलं. तुमचा बाबा म्हणाला, "मोजू या. माझं म्हणणं नको आणि अण्णांचंही नको. आई मोजेल."

आजोबा म्हणाले, "मॅडमचा पेपर म्हंजे पास होणं मुश्कील."

मला तो मान आवडला, हे कबूल करते.

बाबाने मला पडद्यावर दोन बटणं करून दिली. एक आजोबांच्या प्रोग्रामचं, एक त्याच्या. दोन्ही प्रोग्राम त्याच जुन्या संगणकावर, आणि प्रश्नांच्या फाइलीही दोघांना त्याच. बटण दाबलं की निवडलेल्या पाठाचे सगळे प्रश्न एकापाठोपाठ एक मागवले जात आणि शेवटी किती वेळ लागला तो आकडा येई. एवढं दाखवून त्याने संगणक एकदा बंद करून पुन्हा चालू केला आणि तो आतल्या खोलीत गेला. दुपारनंतर त्याच्या ऑफिसच्या मीटिंगा सुरू होत. बाकी सगळं त्याने माझ्यावर सोडलं. आई मोजणार म्हटल्यावर त्याला त्यात बघण्यासारखं काही वाटलं नाही.

मी एक फुलस्केप कागद घेतला, मधोमध दुमडला. डावीकडे आजोबा, उजवीकडे बाबा. पाठ दहा, म्हणून फेऱ्या दहा. दर फेरीला दोघांसाठी मिळून एक नवा पाठ, कारण एकच पेपर पुन्हा द्यायचा नाही हा माझा जुना नियम. आणि दर फेरीत पहिलं बटण मी आजोबांचं दाबलं.

यावर मी क्षणभरही विचार केला नाही. आपल्या घरात ताट आधी त्यांचं वाढलं जाई. नवी वही आली की पहिलं पान त्यांच्या हातचं. गाडी घेतली तेव्हा पहिल्यांदा बसले ते. मुलगा आणि वडील यांच्यात मोजणी करायची आणि सुरुवात मुलापासून करायची, हे मला सुचणंच शक्य नव्हतं. पहिला मान त्यांचा, एवढंच माझ्या हाताला ठाऊक होतं.

पहिल्या फेरीत आजोबांना जवळजवळ दुप्पट वेळ लागला. दुसऱ्या फेरीतही तसंच. आजोबा पलंगावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. तिसऱ्या फेरीला त्यांनी मान वर केली, मी कुठलं बटण दाबते ते पाहिलं आणि विचारलं, "अजून किती राह्यले?"

"सात."

"चालू द्या, मॅडम." आणि पुन्हा वर्तमानपत्र वर धरलं.

दहाच्या दहा फेऱ्या ते हरले. एवढी वर्षं पेपर तपासलेल्या बाईला तिथेच शंका यायला हवी होती. कुठलाही विद्यार्थी दहाच्या दहा वेळा सारखाच मागे पडत नाही. मला शंका आली नाही. मी बेरीज केली, दोनदा तपासली, खाली सही केली.

संध्याकाळी तुमच्या बाबाने कागद पाहिला. त्याचा चेहरा खुलला नाही. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा फरक जास्त निघाला होता. तो म्हणाला, "अण्णा, राग नाही ना आला?"

"राग कशाचा? कागद समोर आहे. बदलून टाक." मग म्हणाले, "पण मला शिकव तुझं."

उरलेल्या चार-पाच संध्याकाळी बाबाने त्यांना शिकवलं. आजोबांनी वहीत उतरवून घेतलं. पण नवा प्रोग्राम बाबाने बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरवर नेला, घरातला संगणक बंद केला, आणि आत जायच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, त्याच्याकडे राहिल्या. तो परत गेला.

त्यानंतरची पहाट मला आठवते. आजोबा पाचला उठले, चहा केला, खुर्चीत जाऊन बसले. संगणकावर मी जुन्या उशीचा अभ्रा घातला होता, धूळ बसू नये म्हणून. ते त्या अभ्र्याकडे पाहत चहा प्यायले. मी आतून विचारलं, "आज किती?" सवयीने विचारलं. ते म्हणाले, "आता मला दिसत न्हाई ते."

धावड्याच्या गुरुजींचे फोन काही महिने येत राहिले. आजोबा म्हणत, "मी पोराला कळवतो." मग तुमच्या बाबाला मेसेज करत. तो बिचारा कामात असे. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करी, कधी तिसऱ्या. तोवर वर्ग दुसऱ्या विषयाला लागलेला असे. त्याने कधीच टाळलं नाही, एवढं मी सांगते. पण चहाच्या वेळात होणारं काम ते राहिलं नाही. हळूहळू गुरुजींचे फोन थांबले. आजोबा दुपारी झोपू लागले. याआधी ते दुपारी कधी झोपले नव्हते. मी समजले, वय झालं.

वर्षभराने एकदा मी तुमच्या बाबाकडे तक्रार केली की नव्या ठिकाणी सातवा पाठ उघडायला फार वेळ लागतो. तो म्हणाला, "आई, बऱ्याच दिवसांत कुणी उघडला नसेल. पहिल्यांदा डिस्कवरून वाचावं लागतं ना, वेळ लागतोच. एकदा वाचलं की ते मेमरीत राहतं. आता परत उघडून बघ." मी उघडला. झटकन उघडला.

मी फोन ठेवला आणि तो फुलस्केप कागद काढला. माझे कागद कुठे असतात ते मला नेहमी माहीत असतं. दहा फेऱ्या. प्रत्येक फेरीत नवा पाठ. प्रत्येक पाठ त्या म्हाताऱ्या संगणकाने पहिल्यांदा डिस्कवरून शोधून आणला तो आजोबांसाठी, आणि बाबाच्या वेळी तो हाताशी तयार होता. विहिरीतून पाणी एकाने शेंदायचं आणि दुसऱ्याने भरल्या घागरीतून तांब्या बुडवायचा, असली ती स्पर्धा मी लावली होती. आणि शेंदणाऱ्याला हळू म्हणून सही करून दिली होती.

आजोबा बाहेर मेथी निवडत बसले होते. मी कागद घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. ते काड्या मोडत राहिले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तिसऱ्या फेरीपासून. एक वाण दरवेळी बांधाच्या कडेला लावला तर तो कमीच येणार. जागा बदलावी लागती. जन्मभर हेच तर केलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

ते हसले. "कुणाला बोलू? पोरगं आत मीटिंगमध्ये. भाईर आलं की म्हणू, तुझी आई चुकली? तुमच्या हातचा कागद मॅडम, त्यात कधी खाडाखोड न्हाई झाली. ती मी करायला लावू?"

"अहो, पण तुमचं काम गेलं."

"गेलं." एवढा एक शब्द ते बोलले आणि जुडी झटकली. मग म्हणाले, "लेकरू इतक्या वर्षांनी शेजारी बसून काम करून राह्यलं होतं. त्याचं पहिल्या नंबरात आलं तर त्याला वाटलं, बापाला काहीतरी दिलं. ते घ्यायला नको?"

मी म्हणाले, आत्ता फोन करते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला नाही, आवाजही चढवला नाही. "त्याला न्हाई सांगायचं. बिलकुल न्हाई. शब्द द्या." मी शब्द दिला. मेथीची भाजी त्या दिवशी मी केली आणि मीठ घालायला विसरले. त्यांनी तशीच खाल्ली. हेही मला नंतर, मी जेवायला बसले तेव्हा कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. चार दिवस ताप, आणि पाचव्या दिवशी ते नाहीत.

तुमचा बाबा आला. तेराव्यानंतर सगळे नातेवाईक गेले, तेव्हा तो माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "आई, मी इथे नव्हतो. त्यांच्यासाठी काहीच केलं नाही. निदान त्यांचं ते काम तरी चांगलं करून दिलं. तेवढंच एक." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आजोबांनी मला शब्द का मागितला ते तेव्हा पुरतं कळलं. थोड्या वेळाने त्याने विचारलं, की आता तिथे महिन्याला दोन-चारच मुलं येतात, ठेवायचं का? मी म्हणाले, बंद कर. इतक्या सहज म्हणाले.

तो गेल्यावर मी अभ्रा काढला आणि संगणक सुरू केला. दोन्ही प्रोग्राम त्यात तसेच होते, दोन्ही बटणंही. मी पुन्हा मोजलं. या वेळी प्रत्येक बटण दाबण्याआधी संगणक बंद करून पुन्हा चालू केला, म्हणजे कुणालाच आयतं मिळू नये. एकेका फेरीला फार वेळ लागे. चार दुपारी गेल्या. दहापैकी सहा पाठांत आजोबा पुढे, चारमध्ये तुमचा बाबा, आणि फरक इतका थोडा की पापणी लवायलाही जास्त वेळ लागतो. शंभर मुलं एकदम आली असती तर कदाचित बाबाचं पुढे गेलं असतं. ते मला मोजता येत नाही, म्हणून मी त्यावर बोलत नाही. पण शंभर मुलं कधी एकदम आलीच नाहीत. मी या वेळी सही केली नाही. दाखवायचं कुणाला?

तर, तुमचे आजोबा स्लो नव्हते.

हे तुम्हाला लिहायचं ठरवलं तेव्हा लक्षात आलं की तुमच्या बाबाच्या पाठीमागून मी ते लिहू शकत नाही. तुम्ही त्याला विचारणारच. म्हणून काल मी त्याला फोन केला आणि दिलेला शब्द मोडला. आयुष्यात मोडलेला हा बहुधा एकच.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अण्णांना कळलं होतं?"

इथे मी नाही म्हणू शकले असते. त्याने ते मानलंही असतं.

"हो," मी म्हणाले. "तिसऱ्या फेरीला."

"आणि तरी ते माझ्याकडून शिकायला बसले?"

"बसले."

मग तो म्हणाला, "आई, त्यांच्या फाइली पाठव. आहेत ना?"

फाइली कशा पाठवायच्या ते मला येत नव्हतं. त्याने फोनवर एकेक पायरी सांगितली, मी कागदावर लिहून घेतली आणि तसं केलं. दोनदा चुकले. तो चिडला नाही. सगळं पोचायला तासभर लागला आणि तेवढा वेळ आम्ही दोघंही फोन धरून होतो. मग तो वाचू लागला. प्रोग्राममध्ये आजोबांनी मधूनमधून टिपा लिहिल्या होत्या, इंग्रजी अक्षरांत आपली मराठी. त्यावेळी नवं लिहिताना त्याने नुसता कोड पाहिला होता, टिपा वाचल्या नव्हत्या, असं तो म्हणाला. आता मोठ्याने वाचू लागला.

"'इथं चित्र टाकायचं न्हाई. पान जड होतं, डोंगराकडच्या पोरांना येत न्हाई.'"

मग म्हणाला, "आई, अण्णांचं पान माझ्या पानाच्या निम्म्यानेही जड नाही. आपण ते घरातल्या घरात मोजलं. तिकडे पोरांच्या फोनवर पोचायला किती वेळ लागतो ते मोजलंच नाही." तो पुढे वाचत होता.

"'उत्तर चुकलं तर लाल रंग नको. पोरं घाबरून बंद करतात.'

'पहाटे पाच ते सात पोरं येतात. त्या टायमाला काही बदलू नको.'

'हा भाग मला बराबर जमला न्हाई. पोरगं आलं की विचारायचं.'"

तिथे तो थांबला. खाली कुणाची तरी पोती उतरत होती, मी उठून खिडकी लावली आणि पुन्हा फोन कानाला लावला.

"पुढे काय लिहिलंय?" मी विचारलं.

"पुढे काही नाही, आई," तो म्हणाला. "पुढे नुसता कोड आहे."